सावळ्या शेडची बाटली

वडनेर भोलजी
१८ नोव्हेंबर २०२४

जयाताई,

पाया पडते. चिठ्ठीतच पडते, समोर असती तं पडली नसती.

तू म्हणशील, हे काय जुन्या बायांसारखं कागद-पेन घेऊन बसली. मग काय करू वं? महालक्ष्म्यांच्या वेळी आपलं भांडण झालं तवापासून तू फोन उचलत नाही. अन् उचलला तरी इथं फोनवर बोललं की सगळं घर कान देते. म्हणून ही चिठ्ठी आशाबाईच्या टोपलीत टाकून राह्यली. आपल्या मोताळ्याच्या बाजारात तुझ्या पार्लरसमोर बांगड्या घेऊन बसते तीच आशाबाई. आमच्या इथल्या बाजारालेही येते. तिले वाचता येत नाही, अन् येत असतं तरी तिनं वाचलं नसतं, इतकी भली बाई आहे.

काम एकच आहे. बाटली संपत आली, तीच गोऱ्या शेडच्या फाउंडेशनची. अन् ब्रशाचे केस झडून राह्यले, वरचे पांढरे टोकं सगळे एकमेकाले चिकटले. दोन्ही पाठव. बांगड्यांच्या खोक्यात घालून आशाबाईजवळ दे.

दुकानातून घे म्हणशील. कोणच्या दुकानातून? नांदुऱ्याले जाते तं सासू संग असते. ऑनलाइन मागवलं तं पार्सल अंगणातच फोडतात, शेजारच्या बायाही वाकून पाहतात.

महालक्ष्म्यांत तू मोठ्या तोऱ्यात म्हणाली, 'आधी घरात सांग, मग मले फोन कर.' सांग म्हणे! पयले लावलं कोणी? आठव ना तो दिवस. पाहुणे पाहाले यायचे होते अन् मी तुझ्या खुर्चीवर बसली होती. पयले तू माझ्याच रंगाचं लावलं. कपाळावरच्या अन् ओठाजवळच्या पांढऱ्या डागावर तो सावळा रंग राखेसारखा दिसाले लागला. पुसलं, परत लावलं, परत राख. तेवढ्यात आई पडद्याआडून म्हणाली, गाडी आली. मग तू ती गोरी शेड उचलली. डाग झाकायच्या ऐवजी माझं बाकीचं तोंडच डागाच्या रंगाचं करून टाकलं. गळा, कान, हाताचे पंजे, काही सोडलं नाही. आई म्हणाली, 'माय वं, माझी पोरगी हिरोइनवानी दिसून राह्यली!' पाहुण्यांनी चहा प्यायच्या आधीच होकार दिला.

आता मी काय सांगू सासूले? 'आत्याबाई, तुमी जिले पसंत केलं ती मी नव्हेच'? ती गावभर सांगत फिरते, 'या सत्यभामाबाईची सून कशी दुधावानी!' कोड आहे म्हणून कळलं तं ती मले एक दिवस या घरात ठेवणार नाही. माझी नणंद डिंपल लग्नाची आहे, अन् घरात कोड आहे म्हटल्यावर सोयरीक कशी तुटते हे तुले मी सांगाले नको. बुलढाण्याच्या डॉक्टरनं कितीदा सांगितलं, हे एकाचं दुसऱ्याले लागत नाही म्हणून. डॉक्टरले कुठं सासरी नांदायचं होतं?

तं मी रोज सगळ्यांच्या आधी उठते. न्हाणीची कडी लावते. हाताच्या मागच्या बाजूवर थेंब घेते, ब्रशाचं नुसतं टोक त्याले टेकवते. तू मागं उभी राहून ओरडायची ते अजून कानात आहे, 'ओढू नको वं, भिंत सारवून राह्यली का? टिप. नुसतं टिप.' नाकापासून कानाकडं, कानापासून गळ्याकडं. मग वाळेस्तोवर तोंड हलवायचं नाही. तेवढ्या वेळ मी कोणाशी भांडत नाही, म्हणून सासू म्हणते, सून सकाळची मोठी शांत असते.

सध्या कापसाची वेचणी सुरू आहे. शेतात मी सुखी असते. तिथं सगळ्याच बाया तोंडाले रुमाल बांधतात, डोळे तेवढे उघडे.

शिवमले काही माहीत नाही. सकाळीच भाजीचा टेम्पो घेऊन निघतो तं दिवेलागणीले येतो. भोळा माणूस आहे, त्याची काळजी करू नको.

बाटली पाठव. राग राहू दे, बाटली पाठव.

तुझी (मान, नाही तं नको मानू)
पुष्पी


३ डिसेंबर

जयाताई,

तू बहीण आहे का कोण आहे?

आशाबाईनं हिरव्या बांगड्यांच्या खाली लपवून पुडी आणली. मी इतक्या आनंदानं न्हाणीत जाऊन सोडली, अन् आत काय? सावळी शेड. कागदाचा चिटोरा नाही, बरी आहे का नाही विचारलं नाही, ब्रश तं नाहीच नाही. नुसती ती बाटली.

तुले काय म्हणायचं ते मले कळलं. कळलं म्हणूनच डोकं फिरलं. माझ्या खऱ्या रंगाचं लावून डाग झाक, अन् घरच्यांसमोर आपल्या रंगात उभी राह्य, असंच ना? वा गं शहाणी! आज गोरी अन् उद्या सावळी होऊ? सासूले काय सांगू, उन्हात वाळत टाकली होती म्हणून? अन् हा रंग पुसला की खालचं कोड आहेच ना तिथं.

पण तुले एक सांगते, हातावर थोडं लावून पाह्यलं. बरोबर माझाच रंग आहे. अंदाजानं निवडली असशील तरी जरा चुकली नाही. अन् हे दाट आहे, डागावर राख दिसत नाही. हे तवा काऊन नव्हतं वं तुझ्याजवळ? तवा असतं तं माझ्याच रंगात पाहुण्यांसमोर बसली असती. तेव्हाही कोड झाकूनच बसली असती म्हणा, पण निदान रंग तं माझा राह्यला असता.

बाटली तांदळाच्या डब्यात खाली दाबून ठेवली. वापरणार नाही. गोऱ्या शेडमधे क्रीम मिसळून पुरवून राह्यली.

पुष्पांजली


३० डिसेंबर

ताई,

आज भांडणार नाही. आज आनंदात आहे, तं ऐक.

डिंपलले पाहाले बीबी गावचे पाहुणे आले होते. पोराचं खत-बियाण्याचं दुकान आहे, शेती आहे, पोरगा दिसाले बरा आहे. पाहुणे यायच्या आधी डिंपल माझ्याजवळ येऊन बसली. म्हणे, 'वहिनी, मले पार्लरवालीकडं नाही जायचं. तुमचं कसं वाटतच नाही काही लावलं आहे म्हणून, तसं करून द्या.'

मी पदर कपाळावर ओढला. पण तिनं काही मनात ठेवून म्हटलं नव्हतं, खरंच तिले तसं वाटते. गालाले थोडं क्रीम-पावडर लावते मी, एवढंच तिले माहीत. मग मी ब्रश शाम्पूनं धुतला, वाळवला, अन् तिच्या चेहऱ्याले तिच्याच रंगाचं लावलं. ऐकून राह्यली का? तिच्याच रंगाचं. तिची मैत्रीण खामगावहून आणलेली बाटली देऊन गेली होती. सासू दारात उभी राहून म्हणे, जरा उजळ कर. मी म्हटलं, 'नाही आत्याबाई, आहे तशीच चांगली दिसते.' असं ठासून बोलली की सासू तशीच मागं फिरली.

डिंपल डोळे मिटून बसली होती. म्हणे, 'वहिनी, गुदगुल्या होऊन राह्यल्या.' मी म्हटलं, 'हलू नको बह्याडे, डाग पडतीन.' दोघी हसलो. या घरात आल्यापासून मी इतकी हसली नव्हती.

अन् जमलं ताई! पोराचे वडील गुलाबराव म्हणाले, पोरगी जशी आहे तशीच समोर आली, आम्हाले हेच पाह्यजे होतं. मी पडद्याआड चहाचे कप घेऊन उभी होती. ते ऐकून मले हसावं का रडावं कळेना. वैशाखात लग्न काढलं.

रात्री डिंपल माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. म्हणे, तुमच्यामुळंच झालं. मले वाटलं, हिले सांगून टाकावं. ही ऐकून घेईन. मग वाटलं, आधी लग्न होऊ दे हिचं.

ब्रश पाठवशील का? हा आता फारच झडला.

तुझी
पुष्पी


१७ जानेवारी २०२५

ताई,

ब्रश जळाला.

संक्रांतीच्या दिवशी न्हाणीची कडी निसटली. खिळा ढिला झालाच होता, मी शिवमले म्हटलंही होतं. मी बादली दारामागं लावून लावाले बसली. उजवी बाजू झाली होती, डावी बाकी होती. तेवढ्यात डिंपलनं शिकेकाईसाठी दार ढकललं.

ती पाहतच राह्यली. मी तोंडावर टॉवेल धरला, पण काय उपयोग? हळूच म्हणाली, 'वहिनी, हे पांढरं काय आहे?' मी टॉवेल आणखी घट्ट धरला. मग तिची नजर माझ्या हातातल्या ब्रशावर गेली. ताई, मले शिव्या दिल्या असत्या तं चाललं असतं. ती ओढणीनं आपलं तोंड पुसाले लागली. रडत रडत पुसत होती. 'याच ब्रशानं मले लावलं तुमी. मले होईन आता. आई वं, मले होईन!'

मी म्हटलं, 'डिंपल, नाही होत तसं, डॉक्टरनं सांगितलं आहे.' मी हात धरायले गेली तं ती मागं सरकली, भिंतीवर आदळली. अन् ओरडत आईकडं पळाली.

मी तिले दोष देत नाही. भ्याली ती. इथं लहानपणापासून हेच सांगतात, कोडवाल्याचा टॉवेल घेऊ नको, कंगवा घेऊ नको. मीही तेच ऐकत मोठी झाली.

सासू आली. म्हणे, 'धू.' मी तोंड धुतलं. तिनं मले उजेडात उभी केली, हनुवटी नाही धरली, हात न लावता पाह्यलं. कपाळ, ओठ, गळा. मग कागदाच्या तुकड्यानं ब्रश उचलला, अंगणात पाणी तापत होतं त्या चुलीत टाकला. केस जळल्याचा वास घरभर पसरला. डिंपलले कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली, दोनदा घातली. पोरगी थंडीनं कापत होती.

अन् दुपारी बाया यायच्या होत्या वाण घ्यायले. सासू खोलीत आली अन् म्हणे, 'आता लाव.'

मी म्हटलं, 'कशानं लावू, आत्याबाई?'

तिनं अंगणातल्या चुलीकडं पाह्यलं. तिच्या तोंडावर असं काही आलं की मलेच तिची कीव आली. मग म्हणे, 'बोटानं लाव.'

बोटानं लावलं. बोटाचे पट्टे उमटले. सासूनं मले स्वयंपाकघरात अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं अन् बायाले सांगितलं, सुनेले ताप आहे.

मले वाटलं होतं, कळलं की त्याच दिवशी पिशवी हातात देतीन. तसं झालं नाही. काऊन झालं नाही ते आता कळून राह्यलं. डिंपलचं लग्न होईस्तोवर या घरात कोड नसलं पाह्यजे, अन् मी माहेरी गेली तं लोकं विचारतीन, काऊन गेली.

ब्रश पाठव ताई. आता तरी पाठव.

पुष्पी


२२ फेब्रुवारी

जयाताई,

सासूनं शिवमले मलकापूरले पाठवलं, म्हणे, तो तसला ब्रश असते तो घेऊन ये. तुझा जवाई दाढीचा ब्रश घेऊन आला. खोटं नाही सांगत! कागदातून काढून मोठ्या अभिमानानं समोर धरला. मी इतकी हसली की मले उचकी लागली. तोही हसला. मग सासू आली तं दोघंही गप्प झालो.

त्याच ब्रशानं लावून राह्यली. जाड आहे, फाउंडेशन पिऊन टाकते, पण टिपता येते. गोऱ्या शेडची बाटलीही तोच आणते आता, दुकानदाराले जुनं खोकं दाखवून.

घरात नियम ठरले आहेत. माझी बादली वेगळी, टॉवेल वेगळा, साबण वेगळा, आरसा वेगळा. स्वयंपाक अन् भांडे मात्र मीच करायचे, तिथं माझे हात चालतात. डिंपल माझ्यासमोर बसत नाही. रोज आरशात ओठ ताणून ताणून पाहते, काही आलं का म्हणून. सासरे, उत्तमराव, मी वाढाले गेली की ताट जरा स्वतःकडं ओढून घेतात. सासूनं सांगून ठेवलं आहे, लेकराचं नावही काढायचं नाही, त्याले आलं तं काय करता. अन् डिंपलचं लग्न झालं की माहेरी पोचवून देऊ, तवापर्यंत तोंड उघडं दिसलं तं पाह्य.

आता तुले एक गोष्ट सांगते जी मी सांगितली नव्हती. मी लिहिलं होतं, शिवमले माहीत नाही. त्याले माहीत आहे ताई. लग्नाच्या पयल्याच महिन्यात कळलं होतं. उशीच्या खोळीवर रंगाचा डाग दिसला, मग माझ्या तोंडाकडं पाह्यलं. मी रडून रडून पाय धरले. त्यानं मले उठवलं अन् म्हणाला, 'दुखते का तुले ते?' मी नाही म्हटलं. म्हणे, 'मग ठीक आहे. आईले दिसू देऊ नको.' तवापासून उशीची खोळ तोच धुऊन टाकते, टेम्पो धुताना संग.

तू भांडली तवा मी हे सांगितलं नाही, कारण तू विचारलं असतं, मग तो आईसमोर काऊन उभा राहत नाही? तेच मलेही माहीत नाही. संक्रांतीच्या दिवशी सासूनं त्याले विचारलं, तुले ठाऊक होतं का रे? तो म्हणाला, नाही. माझ्यासमोर म्हणाला. मी ताट वाढत होती, वाढतच राह्यली.

मी त्याच्यावर रागावू शकत नाही. 'दुखते का' असं मले आजवर दुसऱ्या कोणी विचारलं नाही, तूही नाही. पण त्याच्या भरवशावर मी एक पाऊलही टाकू शकत नाही, हेही तेवढंच खरं.

कपाळ आता बरंचसं पांढरं झालं. डाव्या भुवईचे दोन-चार केसही पांढरे आले.

पुष्पी


८ मे

ताई,

तुझा ब्रश लग्नाच्या आठवड्यात भेटला. खाली काळे केस, वर पांढरे, नवाकोरा. मी तो गालावरून नुसताच फिरवला, कितीतरी वेळ. अन् आशाबाईनं तुझा निरोपही सांगितला, तोंडपाठ करून आली होती बिचारी, 'जया म्हणते, पार्लरमागची खोली रिकामी आहे. खुर्ची पण दुसरी घेतली.' इतक्या महिन्यांत तुझा पयला शब्द. बांगड्या भरता भरता मी तिच्या हातावर रडली. तिले वाटलं बांगडी रुतली.

मी ठरवलं होतं. लग्न झालं की सासू पोचवणारच आहे, तं मी तिनं हाकलायची वाट न पाहता आपणच येईन. तुझ्या दुसऱ्या खुर्चीजवळ उभी राहीन. तांदळाच्या डब्यातली बाटली काढून पिशवीत ठेवली, वर दोन साड्या ठेवल्या. बाबानं फोनवर शिवमले सांगितलं आहे म्हणे, परत आली तं मोताळ्यात तोंड दाखवायले जागा राहणार नाही. तरी मी येणार होती.

लग्न ऐक. डिंपलले लावाले खामगावची पार्लरवाली आणली. सासूनं मले नवरीच्या खोलीत जाऊ दिलं नाही. मी दाराच्या फटीतून पाह्यलं, ती बाई ब्रश खराखरा ओढून राह्यली होती, गालावर रेघा. मले ओरडावंसं वाटलं, ओढू नका, टिपा! डिंपलनं आरशात मले पाह्यलं. पाहतच राह्यली. मग तिनं मान खाली घातली.

हळदीले बाया माझ्याही मागं लागल्या. भावजयीले हळद लावल्याशिवाय सोडत नाहीत हे तुले माहीत आहे. चार जणींनी मले धरलं, एकीचा हळदीचा हात माझ्या गालाशी आला होता. सासू मधात पडली, 'तिले हळद सोसत नाही, अंगावर गांधी उठतात.' बाया हिरमुसल्या. बीबीच्या पाहुण्याईत एक बाई मोठ्यानं म्हणाली, 'भावजय तं नवरीपेक्षा गोरी आहे वं!' सासूनं माझ्याकडं पाह्यलं अन् हसली. त्या एका क्षणाले तिले खरंच विसर पडला होता, असं मले वाटलं.

डिंपल गेली. दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन अंगणात आली. सासू तांदूळ निवडत होती. म्हणे, 'कुठं?'

मी म्हटलं, 'मोताळ्याले. तुमीच म्हणाल्या होत्या ना.'

'आता डिंपल त्याईच्या घरात आहे,' म्हणे. 'तुले पाठवलं तं ते पुसतीन, सून काऊन पाठवली. मग काय सांगू? तिचा संसार लागू दे. ठेव ती पिशवी.'

मी ठेवली. ताई, मले हेच तं पाह्यजे होतं ना? या घरात जागा. ती भेटली. मले वाटलं होतं, राहू देतो म्हटलं की मी आनंदानं नाचीन. मी पिशवी ठेवली अन् भांडे घासाले बसली.

तू म्हणशील, निघून यायचं होतं, कोण धरलं होतं? कोणी नव्हतं धरलं. पण डिंपलनं आरशात पाह्यलं होतं ते डोळ्यासमोरून जात नाही. मी आली अन् तिचं मोडलं तं? पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती.

खोली अजून काही दिवस रिकामी ठेवशील का?

पुष्पी


६ जुलै

जयाताई,

आखाडाची डिंपल माहेरी आली आहे. तिले दिवस आहेत. सासूनं गावात पेढे वाटले. मले म्हणाली, 'आता डोहाळजेवणाले सगळे येतीन, मग बारशाले. चांगलं लावत जाय.' मी मनात हिशोब केला. मग लेकराचा वाढदिवस, मग डिंपलचं दुसरं, मग त्याईचे लग्नं. मी हिशोब करणं सोडून दिलं.

काल सगळे पेरणीचं पाहाले शेतात गेले होते. डिंपल शेजारी बसाले गेली. घरात मी एकटी. तांदळाच्या डब्यात परत दाबून ठेवलेली तुझी सावळी बाटली काढली. तोंड धुतलं, दार उघडंच ठेवलं, ओट्यावर आरसा टेकवून बसली. तुझा नवा ब्रश घेतला. कपाळापासून सुरू केलं. टिपत गेली, ओढलं नाही. ओठाजवळ दोन थर दिले. भुवई पेन्सिलनं भरली.

ताई, मी दिसली. बारावीच्या ओळखपत्रावर आहे ना, तीच. सावळी, नाक जरा बसकं, गालावरचा तीळही पेन्सिलनं काढला मी, आठवून आठवून. डाग नाही, गोरेपण नाही. केस मोकळे सोडले. मी आरशातल्या त्या पोरीशी बोलली, खरंच बोलली. म्हटलं, काय वं पुष्पे, कुठं होती इतके दिवस?

तेवढ्यात शिवम टेम्पोची कागदं विसरला म्हणून परत आला. अंगणातलं कडक ऊन सोडून दारात आला, मी उठून उभी राह्यली. मले वाटलं... जाऊ दे, काय वाटलं ते लिहीत नाही. मी हसली त्याच्याकडं पाहून.

तो उंबऱ्याबाहेरच थांबला. चप्पलही काढली नाही. म्हणाला, 'कोण पाह्यजे, बाई? घरात कोणी नाही.'

मी एक पाऊल पुढं झाली. मग त्यानं ओळखलं. साडीवरून ओळखलं बहुतेक. त्याचं तोंड उतरलं. जवळ आला, इकडंतिकडं पाह्यलं, हळू आवाजात म्हणाला, 'पुसून टाक पुष्पा, आई येऊन राह्यली मागून.' चांगलाच माणूस आहे, टॉवेलही त्यानंच आणून दिला. माझा वेगळा टॉवेल.

मी पुसलं. सासू यायच्या आधी गोरी शेड लावून तयार होती. आता ती कमी लागते ताई. कपाळाले तं लागतच नाही, ते आपोआप झालं. थोड्या दिवसात गळाही होईन. मग सत्यभामाबाईची सून खरंच दुधावानी होईन, काही न लावता. हे मनात आलं तं हसू आलं, पण हसताना कोणाले सांगावं असं कोणी नव्हतं, म्हणून तुले लिहून राह्यली.

सावळी बाटली आशाबाईसंग परत पाठवते. एकदाच लावली, बाकी भरलेलीच आहे. तुझ्याकडं येणाऱ्या एखाद्या सावळ्या नवरीले लाव. तिच्या आईनं उजळ कर म्हटलं तं ऐकू नको.

खोली दुसऱ्या कोणाले देऊन टाक.

ब्रश ठेवून घेतला. धुतल्यावर उभा ठेवू नको, पाणी आत मुरून केस सुटतात, असं तू शिकवलं होतं. मी आडवाच वाळवते, टॉवेलावर, न्हाणीच्या खिडकीत. डोहाळजेवण दिवाळीनंतर आहे. शिवम आणते ती जरा पिवळट पडते, त्याआधी एक गोरी शेड तूच पाठवजो.

पुष्पांजली